तिच्या केसांना पाणी हवं होतं

मैत्रिणींनो, आपल्याकडे लेकीबाळींच्या केसांचं शास्त्र कसं अगदी ठरलेलं असतं, नाही? शनिवारी रात्री खोबरेल तेल चोपडायचं, रविवारी शिकेकाईनं न्हाऊ घालायचं, केस वाळले की डोकं गुडघ्यांत धरून फणीनं खसाखसा विंचरायचं आणि दोन घट्ट वेण्या घालून मोकळं व्हायचं. माझ्या आजीनं आईचं असंच केलं, आईनं माझं आणि मी माझ्या लेकीचं. त्यामुळे गेल्या वर्षी जूनमध्ये माझी आठ वर्षांची पुतणी आमच्याकडे राहायला आली, तेव्हा केसांचा काही प्रश्न पडेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

थोडं घरचं सांगते. माझे धाकटे दीर टांझानियात, दार-एस-सलामला नोकरी करतात. लग्न तिथल्याच मुलीशी झालं. जाऊ नर्स आहे. पुढच्या शिक्षणासाठी तिला दीड वर्ष डोडोमाला राहायचं होतं, दिरांची नोकरी फिरतीची, म्हणून मुलीला आमच्या कराडच्या घरी ठेवायचं ठरलं. पोर गोड, मराठी झकास बोलते, नाक तर अगदी माझ्या सासर्‍यांचं. केस मात्र पुरते आईचे. काळेभोर, दाट, पेनातल्या स्प्रिंगसारख्या बारीक वळ्यांचे. निघताना आईनं डोकंभर बारीक वेण्या घालून दिल्या होत्या आणि पिशवीत केसांच्या क्रीमच्या दोन बाटल्या. तीन आठवड्यांनी वेण्या विसविशीत झाल्या, महिन्याभरात बाटल्या संपल्या आणि आमची खरी परीक्षा सुरू झाली.

माझं काय काय चुकलं ते आधी सांगते, म्हणजे तुमचं तरी चुकणार नाही.

पहिली चूक शिकेकाईची. आमच्या कॉलनीत बोअरचं पाणी, इतकं जड की साबणाला फेस येत नाही. त्या पाण्यात शिकेकाईची पूड कालवून मी तिचं डोकं चोळलं. पूड वळ्यांमध्ये जी जाऊन बसली ती चार तांबे ओतूनही निघेना. केस वाळल्यावर हाताला अगदी काथ्यासारखे लागले. मग सासूबाईंनी त्यावर वाटीभर तेल ओतलं आणि आपली लाकडी फणी घेऊन बसल्या. दहा मिनिटांत फणीचे दोन दात मोडले. पोरीनं हूं की चूं केलं नाही, फक्त डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. खाली पडलेले केस मी गोळा केले तर मूठ भरली. मुळापासून गळलेले नव्हते हो ते, मधूनच तुटलेले होते.

दुसरी चूक केळ्याची. पिकलं केळं कुस्करून लावल्यानं केस मऊ होतात असं मीच कधीतरी कुठेतरी वाचलेलं. केस मऊ झाले की नाही देव जाणे, पण दुसर्‍या दिवशी शाळेत तिच्या मानेवर मुंग्या आल्या. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

तिसरी चूक सगळ्यांत मोठी. पोर रडते म्हणून मी विंचरणंच सोडून दिलं. वर एक रुमाल बांधला की झालं! तीन आठवड्यांत मानेजवळचे केस एकमेकांत अडकून त्यांचा घट्ट नमदा झाला, चपातीएवढा. आणि मग ज्याला त्याला सल्ले सुचू लागले.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, ही जट आहे. यल्लम्माची असते. कात्री लावू नकोस, कोप होईल." अंगावर काटा आला माझ्या. देवाची भीती म्हणून नाही. आमच्या या भागात जट आलेल्या मुलींना सौंदत्तीच्या देवीला सोडल्याच्या कथा मी लहानपणापासून ऐकत आले आहे. जट म्हणजे न विंचरलेल्या केसांचा गुंता, दुसरं काही नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रात कितीतरी बायकांच्या अशा जटा सोडवल्या आहेत, कुणावर कसला कोप झाल्याचं ऐकिवात नाही. काकूंना मी चहा दिला आणि विषय बदलला.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं. "एकदा वस्तरा फिरवून जावळासारखे काढून टाकू. नवे केस सरळ येतील." आपल्यापैकी पुष्कळजणींचा हा समज असतो. पण केस सरळ यायचा की वळणाचा, हे त्वचेच्या आतल्या मुळाच्या आकारावर ठरतं. वरून वस्तरा फिरवून आतलं मूळ कसं बदलणार?

पार्लरमधल्या बाईंनी तर डोक्याला हातही न लावता दर सांगितला. "स्ट्रेटनिंग करून टाकू, सहा महिने बघायला नको." आठ वर्षांच्या मुलीला! केस सरळ करण्याची ही औषधं भारी जालीम असतात. आफ्रिकी केसांसाठी जी वापरतात त्यांतल्या बर्‍याचशांत चक्क कॉस्टिक सोडा असतो, टाळू भाजते. २०२२ साली अमेरिकेत तेहतीस हजारांहून अधिक स्त्रियांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तीत अशी औषधं वरचेवर वापरणार्‍या बायकांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं. औषधामुळेच कर्करोग होतो असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण कोवळ्या पोरीच्या डोक्यावर प्रयोग कोण करील?

अखेर एका रात्री पोरगी माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "काकू, माझे केस वाईट आहेत का? शाळेत सगळ्या हात घालून बघतात. मी काय बाहुली आहे?" तेव्हा कुठे मला सुचलं, की अगं बाई, जिच्याकडून हे केस आले तिला तर आपण विचारलंच नाही! जावेला अभ्यासात त्रास नको म्हणून आम्ही सगळं ठीक आहे, ठीक आहे, म्हणत होतो. खरं सांगायचं तर मला लाजही वाटत होती.

दुसर्‍या दिवशी सकाळी साडेनऊला फोन लावला. तिकडे सात वाजलेले असतात. मी सगळं भडाभडा सांगितलं. आता ही रागावणार असं वाटत होतं, तर ती हसली. म्हणाली, "ताई, तुम्ही तिला तेल पाजताय, तिला तहान पाण्याची आहे."

तिनं जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. आपला सरळ केस आडवा कापून पाहिला तर बराचसा गोल असतो. हा केस चपटा असतो आणि त्याचं मूळही बाकदार. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारं तेल आपल्या केसावरून घसरत शेवटापर्यंत जातं, म्हणून तर दोन दिवस न्हालं नाही की आपले केस चिपचिपीत होतात. इतक्या वळणांच्या केसावरून ते तेल खाली उतरतच नाही. म्हणून मुळाशी तेल आणि टोकाशी कोरडं ठाक. शिवाय जिथे जिथे वळण तिथे तिथे केस नाजूक. दिसायला राठ दिसला तरी आपल्या केसापेक्षा लवकर तुटतो. कोरड्या केसांत फणी घालणं म्हणजे तो तोडायलाच बसणं. तेलाचं काम काय, तर आत गेलेलं पाणी उडू न देणं. कोरड्या केसांवर नुसतं तेल थापणं म्हणजे रिकाम्या डब्याला झाकण लावण्यासारखं.

"पण मग क्रीम कुठून आणू?" मी विचारलं. इथल्या दुकानांत ज्या बाटल्या मिळतात त्यांवर 'स्मूद अँड सिल्की' लिहिलेलं. पुण्यामुंबईहून किंवा पोस्टानं मागवावं तर एका बाटलीला महिन्याच्या दुधाएवढे पैसे, आणि या केसांना ती जेमतेम तीन न्हाण्यांना पुरते. जाऊ म्हणाली, "माझ्या आजीकडे कुठे होतं क्रीम? आमच्या किनार्‍यावर खोबरेलच लावतात. तुमच्या अंगणात काय काय आहे ते सांगा."

अंगणात जास्वंद होती.

तर आता कृती लिहून घ्या. ज्यांच्या घरी असे केस नाहीत त्यांनीही वाचा बरं का, कारण आपल्याकडेही अतिशय दाट, राठ कुरळ्या केसांच्या कितीतरी मुली फणीचा मार खात असतात.

जास्वंदीची पंधरावीस कोवळी पानं धुऊन दोन तांबे पाण्यात हातानं चुरगाळायची. भेंडीसारखा बुळबुळीत रस सुटतो. तो गाळून घ्यायचा, गाळणं विसरायचं नाही, पानाचा कण म्हणजे पुन्हा शिकेकाईची कथा! आदल्या रात्री केसांना थोडं खोबरेल लावून ठेवायचं. (धुण्याआधी लावलेलं खोबरेल केसांच्या आत शिरतं आणि केसातलं प्रथिन कमी धुतलं जातं, असं आपल्याच भारतीय संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलं आहे. सूर्यफुलाच्या तेलानं ते साधत नाही. तेव्हा आपल्या आज्या अगदीच चुकत नव्हत्या.) सकाळी केसांचे आठ भाग करून प्रत्येक भाग कपड्यांच्या चिमट्यानं वेगळा बांधायचा. एकेक भाग सोडायचा, पाण्यानं चिंब करायचा, त्यावर जास्वंदीचा रस ओतायचा आणि आधी नुसत्या बोटांनी गुंता सैल करायचा. नंतर मोठ्या, विरळ दातांचा कंगवा. स्वाहिलीत त्याला चानुओ म्हणतात. कंगवा मुळापासून घालायचा नाही. आधी टोकाची दोन बोटं, ती सुटली की त्याच्या वर, असं करत करत मुळाकडे जायचं. मुळाजवळ केस दुसर्‍या हातानं धरून ठेवायचे, म्हणजे ओढ डोक्याला बसत नाही.

तो मानेजवळचा नमदा अशा रीतीनं सोडवायला मला दोन रविवार लागले. एकूण सात तास. दोन ठिकाणी कात्री लावावीच लागली, पण बाकीचे केस वाचले.

डोकं आठवड्यातून एकदाच धुवायचं, दहा दिवसांनी झालं तरी चालतं. साधा सौम्य शाम्पू मगभर पाण्यात पातळ करून फक्त टाळूवर. केसांवरून तो आपोआप ओघळतो तेवढा पुरे. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं पाणी पिण्याच्या हंड्यातलं घ्यावं, किंवा लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून ते ओतावं. टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही. जुन्या सुती पंचानं नुसतं दाबून टिपायचं.

आणि केस ओले असतानाच, इथे उशीर करायचा नाही, त्यावर जवसाचं पाणी. दोन मोठे चमचे जवस, दोन वाट्या पाणी, मंद आंचेवर सात-आठ मिनिटं, अंड्याच्या पांढर्‍या बलकासारखं दाट होईपर्यंत. गरम असतानाच गाळायचं. मी एकदा फोन आला म्हणून तसंच ठेवलं तर त्याची खळ झाली, शेवटी म्हशीच्या आंबोणात गेली. फ्रिजमध्ये हे आठवडाभर टिकतं.

सगळ्यांत शेवटी झाकण, म्हणजे तेल. आफ्रिकेत शिया नावाच्या झाडाच्या बियांचं घट्ट लोण्यासारखं तेल वापरतात. ते इथे कुठे शोधायचं? पण आपल्या कोकणात कोकमाच्या बियांचं तेल असतंच की! टाचांच्या भेगांना लावायला त्याचे पांढरे गोळे मिळतात. कुडाळच्या माझ्या मावशीनं पावशेर पाठवले. एक चमचा किसलेलं कोकमाचं तेल आणि तीन चमचे खोबरेल एका वाटीत घालून ती गरम पाण्यात ठेवली की वितळतं. निवल्यावर मलमासारखं होतं. नखभर घेऊन तळहातावर चोळायचं आणि ओल्या केसांवरून फिरवायचं. थंडीत खोबरेल थिजतं, तेव्हा मी त्याऐवजी तिळाचं तेल घातलं आणि वर अर्धा चमचा एरंडेल. मधल्या दिवसांत इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर मारायची पाण्याची बाटली असते ना, तिनं सकाळी थोडा फवारा मारला की झालं.

या केसांची एक गंमत आहे. ओली बट हातानं ताणली तेव्हा ती खांद्याच्या खाली चांगली चार बोटं गेली. सोडली तशी टुणकन उडून कानाशी! सासूबाई थक्कच झाल्या. "म्हणजे केस लांब आहेत हिचे?" त्यांनी चार वेळा ताणून पाहिलं, आणि चारही वेळा हसल्या. पोरही हसली. तिच्या केसांवरून आमच्या घरात कुणी तरी हसण्याची ती पहिलीच वेळ, आणि तिला ते टोचलं नाही.

केस असे आखडू नयेत आणि गुंता होऊ नये म्हणून तिकडच्या बायका एक युक्ती करतात. प्रत्येक बटेभोवती मुळापासून टोकापर्यंत काळा दोरा गुंडाळतात. गरम चिमटा नको, औषध नको. शिवणाच्या डब्यातला जाड सुती दोरा चालतो. शनिवारी रात्री गुंडाळला की रविवारी दुपारी सोडल्यावर केस लांब होतात आणि वेण्या घालायला सोपे जातात. वेण्या डोक्याला चिकटून, नांगराच्या तासांसारख्या कपाळापासून मानेकडे जाणार्‍या. मी त्या फोनवर बघत बघत शिकले. पहिल्या दिवशीचा माझा प्रताप सापशिडीच्या पटासारखा दिसत होता. घट्ट मात्र घालू नका. कपाळाची कातडी ओढली गेली, बारीक फोड आले, की वेणी घट्ट झाली म्हणून समजावं. सतत ओढ बसली तर कपाळाजवळचे केस कायमचे जातात. हे तर आपल्या उंच, करकचून बांधलेल्या पोनीटेललाही लागू आहे.

केसांचं जमलं, पण शाळेचं राहिलं होतं. मी ज्या शाळेत आठवड्यातून तीन दिवस इतिहासाचे तास घेते तिथेच ती जाते. नियम असा की मुलींनी दोन वेण्या वर बांधून लाल रिबिनी लावायच्या. तिच्या डोक्यावर बारा वेण्या पाहून वर्गशिक्षिकेनं वहीत शेरा लिहून पाठवला, 'केशरचना शिस्तीत नाही.' आता मी काय बोलणार? विस्कटलेल्या केसांवरून मीच कितीदा मुलींना बाकावर उभं केलं आहे.

मुख्याध्यापिका बाईंकडे गेले. त्यांना जवसापासून सगळं सांगितलं. दोन वेण्या करायला गेलं तर केस कसे तुटतात ते वहीत ठेवलेल्या तुटक्या बटा दाखवून सांगितलं. जावेकडून ऐकलेलंही सांगितलं, की टांझानियात पुष्कळ शाळांमध्ये मुलींना केस अगदी बारीक कापावे लागतात, ती स्वतः शाळा संपेपर्यंत मुलांसारखे केस ठेवून वाढली, म्हणून लेकीचे तिनं इतक्या हौसेनं वाढवले. २०१६ साली दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियाच्या एका मुलींच्या शाळेत केसांच्या नियमांवरून विद्यार्थिनींनीच निदर्शनं केली होती. बाई जुन्या वळणाच्या, पण कान देऊन ऐकणार्‍या. म्हणाल्या, "वेण्या नीट घातल्या आहेत एवढं तर दिसतंय. मागे सगळ्या एकत्र करून दोन रिबिनी बांधा, म्हणजे नियमही राहील." एवढ्यावर भागलं. केसांत हात घालायचा नाही, हे मी स्वतः वर्गात जाऊन सांगितलं.

त्याच आठवड्यात सातवीला मलिक अंबर शिकवत होते. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा वजीर झालेला आणि १६२६ मध्ये वारलेला हा माणूस मी आठ वर्षं शिकवते आहे. मुरूडचा जंजिरा सहलीला दोनदा दाखवला आहे, तिथले सिद्दीही आफ्रिकी वंशाचेच. हळियाळ-यल्लापूरच्या रानातल्या सिद्दी बायका तर आजही कोकणी बोलतात. पण यांच्या घरी केस कसे विंचरत असतील, फणी कुठली असेल, हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. आणखी एक ऐकून तर मी चाटच पडले. तिरुपतीला भाविक जे केस अर्पण करतात त्यांचा लिलाव होतो आणि आपल्याकडचे असे सरळ, लांब केस टोप आणि गंगावनं होऊन परदेशी जातात. जाऊ म्हणाली, आमच्या बाजारात 'इंडियन हेअर' म्हणून ते केवढ्याला विकतात, ताई, विचारू नका! तुमच्या इथल्या पोरींना कुरळे हवेत आणि आमच्या इथे सरळ.

रात्रीची एक गोष्ट राहिली. सुती अभ्रा केसांतला ओलावा शोषून घेतो आणि घासून केस तोडतो, म्हणून उशीला रेशमी किंवा साटीनचा अभ्रा हवा. मी बाजारातून साटीन आणणार होते. दुपारी पाहते तर सासूबाई शिवणाच्या मशीनवर बसलेल्या. पुढ्यात त्यांचं लग्नातलं जांभळं रेशमी पातळ, काठ बाजूला काढून ठेवलेले. मी म्हटलं, "अहो आई, हे कशाला?" तर वर न बघता म्हणाल्या, "पेटीत कसर खातेय नुसती. दोन अभ्रे होतील आणि एक टोपी."

आता येत्या डिसेंबरात पोर आईकडे परत जाईल. मानेजवळचे तुटलेले केस बोटभर वाढले आहेत, हे केस आपल्या केसांपेक्षा जरा सावकाशच वाढतात. रविवारी दुपारी व्हरांड्यात आठ चिमटे, जास्वंदीचं पातेलं आणि काळा दोरा घेऊन बैठक बसते. मागच्या चार वेण्या मी घालते, पुढच्या आजीच्या. फणी देवघराच्या फडताळात गेली आहे. आजीची वेणी थोडी वाकडी येते, पण ती सोडून पुन्हा घालायला पोर देत नाही.